तंबोरा मिरजेला दाखवून आणला (व्हाया औंध, सांगली आणि हरिपूर)

आमच्या साताऱ्यात कुणी "मिरजेला निघालोय" म्हणलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, कोण ॲडमिट आहे? शेजारच्या काकूंनी तर डबा देऊ का म्हणून विचारलं. त्यांना सांगितलं की पेशंट म्हणजे आईंचा तंबोरा आहे, तर त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा तंबोरा लग्नात माहेराहून आलेला, मिरजेचाच, पण कित्येक वर्षं गवसणी घालून माळ्याखाली कोपऱ्यात उभा. आमची सई यंदा गाण्याच्या परीक्षेला बसणार आणि रियाज करते मोबाईलच्या ॲपवर, ते आईंना अजिबात पटत नाही, "डबीतला तंबोरा" म्हणतात त्याला. त्यांनी एकदा खरा तंबोरा काढून छेडला तर आवाज अगदी बसलेला, नुसतं ठण ठण. जवारी (म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद) गेलीय म्हणाल्या, मिरजेला न्यायला पाहिजे. २६ जानेवारी जोडून सुट्टी आलेली, म्हणलं चला, सगळेच जाऊ, जाता जाता गाण्याची ठिकाणं पण बघू. नववीतल्या मनूला गाण्यातलं रॅप सोडून काही आवडत नाही, पण हॉटेलात जेवायला मिळणार म्हणून तो तयार झाला.

शनिवार : औंधमार्गे मिरज

सकाळी सातला निघालो. कडाक्याची थंडी. वॅगनारमधे पाच माणसं आणि एक तंबोरा बसवणं हेच मोठं काम होतं. शेवटी भोपळा मागच्या सीटवर आईंच्या मांडीशी दोन गोधड्यांत, आणि दांडी पुढच्या दोन सीटच्या मधून थेट पुढं, त्यामुळं ह्यांनी गिअर टाकला की खुंटी कोपराला लागायची. (कुणी नेणार असेल तर तारा आधी उतरवून घ्या आणि भोपळ्यावर काही ठेवू नका, डिकीत तर अजिबात टाकू नका.)

सरळ हायवेनं कराडवरून गेलं तर लवकर पोचतो, पण आम्ही रहिमतपूरवरून औंधला वळलो. यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेत श्री भवानी म्युझियम लागतं, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ ला उभं केलेलं. राजा रविवर्मांची चित्रं बघायला सगळे येतात, ती आहेतच भारी, पण मला हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प औंधसारख्या गावात बघून जो धक्का बसला तो वेगळाच. मनू म्हणाला हे इथं कसं काय आलं? राजा हौशी असला की येतं बाबा.

पण आईंचं औंध वेगळं आहे. त्यांच्यासाठी औंध म्हणजे अंतुबुवा जोशी. अंतुबुवा औंध दरबारचे गवई, त्यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मधे इथं संगीत महोत्सव सुरू केला, तो अजून अश्विन वद्य पंचमीला होतो. अंतुबुवांचा मुलगा म्हणजे गजाननबुवा, गाणं पण गायचे आणि व्हायोलिन पण वाजवायचे. आणि अंतुबुवा शिकले कुणाकडं, तर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं, ज्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. हे नाव लक्षात ठेव, उद्या मिरजेत परत लागणार आहे, असं आईंनी सईला दम दिल्यासारखं सांगितलं.

टिप : औंधला डोंगरावर ऊन व्हायच्या आत जाऊन या, आणि जमत असेल तर महोत्सवाच्या वेळेसच या, म्युझियम आणि गाणं दोन्ही एका फेरीत होतं.

पुढं पुसेसावळी, विटा असा रस्ता. कारखाने चालू, त्यामुळं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं जावं लागतं, घाई असेल तर हा रस्ता या दिवसात धरू नका. विट्याच्या अलीकडं एका साध्या हॉटेलात अख्खा मसूर आणि ज्वारीची भाकरी खाल्ली, सोबत कांदा आणि मिरचीचा खर्डा. मनूनं तीन भाकऱ्या खाल्ल्या, घरी एक खाताना नाटकं करतो. तासगावला रस्त्याकडंला द्राक्षं घेतली, अजून जरा आंबट होती.

मिरजेत पोचेपर्यंत संध्याकाळ. लॉजचं सगळं ठीक होतं, फक्त गिझर शोपीस निघाला, पण बादलीभर गरम पाणी आणून दिलं त्या पोरानं. रूममधे पहिल्यांदा तंबोऱ्याला जागा केली मग माणसांना.

रविवार : मिरज

सकाळी आधी मिरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. ख्वाजा शमना मिरासाहेब हे नाव, पण सगळे मिरासाहेबच म्हणतात. सकाळची वेळ, फुलवाल्या बायका नुकत्या बसत होत्या, अत्तराचा वास, कबुतरं, आणि आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर. आईंनी चप्पल लांब काढली, डोक्यावर पदर घेतला आणि नमस्कार करून तिथंच बसल्या. किराणा घराण्याचा एवढा मोठा माणूस, जन्म १८७२ चा, तिकडं उत्तरेत कैराण्याला, आणि शेवटी मातीला लागला मिरजेच्या. आजारातून उठले ते या दर्ग्यात गाणं म्हणून, असं मिरजेत सांगतात. १९३७ मधे मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत छातीत दुखायला लागलं म्हणून सिंगपेरुमलकोईल नावाच्या स्टेशनावर उतरले, प्लॅटफॉर्मवर तंबोरा लावून घेतला, गायले आणि तिथंच गेले. तिथून त्यांना इथं आणलं. उरुसात त्यांच्या आठवणीत चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं आणि मोठमोठे कलाकार येऊन गाऊन जातात.

हार विकणाऱ्या एका आजोबांनी मनूला विचारलं, गातोस का? तो म्हणाला नाही. "मग ऐकतोस का?" यावर मनू गप्प. आजोबा म्हणाले, "ऐकणारा पण लागतोय की रं, सगळेच गायला लागले तर दाद कोण देणार?" त्यांनीच सांगितलं की उरुसात पहिला मानाचा गलेफ (कबरीवर घालायची चादर) चर्मकार समाजाचा असतो.

इथून सतारमेकर गल्ली चालत. गाडी लांब लावा हं, गल्लीत गाडी घातली तर निघताना रिव्हर्समधे घाम फुटतो, आमच्या पुढं एकजण तसाच अडकलेला. तंबोरा मनू आणि ह्यांनी दोघांनी उचलून नेला आणि रस्त्यात तीन जणांनी, कुणी न विचारता, "तंबोरा होय? जवारी का?" म्हणून विचारलं. साताऱ्यात मला तो तंबोरा आहे हे समजावून सांगायला लागतं.

आईंच्या माहेरच्यांनी ज्या घरातून घेतला होता तिथं आता दुसरं दुकान आहे, पण त्यांनीच पुढचं घर दाखवलं. बाहेर चार फुटाची फळी, आत अरुंद लांबलचक खोली आणि वरून भोपळेच भोपळे टांगलेले, काही एवढे मोठे की सई आत बसली असती. कारागीर साठीचे असतील, पोरं त्यांना लगेच चाचा म्हणायला लागली. त्यांनी आधी गवसणी काढली नाहीच, आईंना बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मग विचारलं, "किती दिवस न वाजवता ठेवलाय?" आई अपराध्यासारख्या बसल्या.

मग तपासणी. भोपळ्यावर बोटांनी टकटक करत सगळीकडून फिरले, कान लावून. तडा नाही म्हणाले, नशीब. गळ्याचा सांधा बघितला. खुंट्या फिरवून बघितल्या, दोन सैल. मग घोडी, म्हणजे ज्याच्यावरून तारा जातात ती चपटी पट्टी, ती उजेडात तिरकी धरून सईला दाखवली. "हे बघ बाळ, तारेनं इथं चर पाडलेत." खरंच, नखानं ओढल्यासारख्या चार बारीक रेघा होत्या. एवढ्यानं आवाज जातो? जातो म्हणाले. तार घोडीवर नुसती टेकत नाही, ती त्या किंचित उताराला घासत घासत थरथरते, त्यातून तो गुंजणारा नाद येतो. चर पडला की तार त्यात अडकून बसते, मग नुसतं ठण. उद्या दुपारी या, तुमच्यासमोर जवारी काढतो, आज खुंट्या आणि तारा करून ठेवतो.

आम्ही तरी तासभर हललो नाही तिथून. हे भोपळे खायचे नाहीत, कडू जात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. चांगले वाळवून ठेवायचे, कापायच्या आधी पाण्यात भिजवायचे, मग आतलं सगळं खरवडून काढायचं. दांडीला तूण म्हणून लाकूड. नक्षीला पूर्वी हस्तिदंत असायचा, तो बंदच झाला, आता प्लॅस्टिकच्या पट्ट्या. मागच्या बाजूला एक पोरगा लाखेचं पॉलिश मारत होता, कापडाची पुरचुंडी हलक्या हातानं फिरवत, आणि कानात इयरफोन. मनूनं त्याला विचारलं काय ऐकतोयस, तर निघाला मनूचाच आवडता रॅपर! दोघांची जी गट्टी जमली की आम्ही निघालो तरी मनू हलेना.

ही गल्ली मुळात शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी मंडळी. इंग्रज आल्यावर शस्त्रांचं काम संपलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला यातली काही जण वाद्यांकडं वळली. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव पहिलं घेतात. २०२४ मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन पण मिळालं. चाचांना विचारलं फरक पडला का, तर म्हणाले नाव झालं, बघायला माणसं येतात, पण पोरं हातात पटाशी घ्यायला यायला पाहिजेत ना ताई. त्या मोबाईलच्या तंबोऱ्यावर त्यांचा राग आहे का? अजिबात नाही! प्रवासाला बरा म्हणाले. आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मी पुण्याच्या केळकर म्युझियममधे वाद्यं बघितलीत, अप्रतिम आहेत, पण काचेआड. इथं सईनं अर्धा झालेला भोपळा हातात घेतला, आत तोंड घालून सा लावला आणि आतून तो मोठा होऊन परत आला. पोरगी दिवसभर तेच सांगत होती. मिरज-सांगलीला गाण्याचं एक मोठं, नीट म्युझियम व्हायला पाहिजे असं मला वाटतं, पण ते झालंच तर हात लावायला मिळणारी एक खोली ठेवा रे बाबांनो.

दुपारी बालगंधर्व नाट्यगृहाकडं गेलो. आत काही कार्यक्रमाची तयारी चाललेली, वॉचमननं दारातून डोकवू दिलं. नारायण राजहंस म्हणजे बालगंधर्व १९०५ मधे किर्लोस्कर नाटक मंडळीतून पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत, शकुंतला म्हणून. आणि मिरजेला ते मुळात कशाला आले होते? कानाच्या उपचाराला, शाहू महाराजांनी पाठवलेलं! डॉ. वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल इथं १८९४ पासून होतं. हे आईंनी सांगितल्यावर मनूला एकदम इंटरेस्ट आला. मग आईंनी दुसरं काढलं. विष्णु दिगंबर पलुस्कर, कुरुंदवाडचे, लहानपणी फटाक्यानं डोळे गेले, डॉक्टरकडं आणलं ते मिरजेला, डोळे काही आले नाहीत पण इथं बाळकृष्णबुवांकडं गाणं शिकले (लक्षात ठेव म्हणलेलं नाव ते हेच) आणि पुढं ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. सई ज्या गांधर्वच्या परीक्षेला बसतेय ती त्या नावाची. म्हणजे एकाचे डोळे, एकाचा कान, आणि खाँसाहेब पण आजारीच. बरं व्हायला आलेली माणसं गाणं घेऊन गेली या गावातून. मनू म्हणाला, "आज्जी, म्हणजे मिरजेला दवाखान्यात यायचं आणि सिंगर होऊन जायचं." आणि त्याच १९०५ मधे खाँसाहेबांची मुलगी हिराबाई बडोदेकर मिरजेत जन्मल्या. तिकीट लावून, समोर बसलेल्या लोकांपुढं बाईनं मैफल करणं ज्यांनी घराघरात मान्य करायला लावलं त्या. आई त्यांच्याविषयी बोलताना नेहमी सरळ बसून बोलतात.

सोमवार : सांगली आणि हरिपूर

२६ जानेवारी. सांगलीत शिरलो तर झेंडावंदन करून पांढऱ्या कपड्यातली पोरं घरी निघालेली आणि चौकाचौकात जिलबीच्या कढया. आमच्याकडं साताऱ्यात पण असंच. अर्धा किलो घेतली, गाडीतच संपली, स्टिअरिंग चिकट झालं म्हणून ह्यांनी बोलून घेतलं.

कृष्णाकाठच्या गणपतीचं दर्शन घेतलं. गर्दी होती पण रांग सरकत होती. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भावे यांनी राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून इथं सीतास्वयंवर केलं, म्हणून ५ नोव्हेंबर रंगभूमी दिन. त्यात सूत्रधार पदं गायचा, म्हणजे मराठी नाटक पहिल्या दिवसापासून गातंच आलंय. आईंचं म्हणणं असं की त्या काळात हेच पॉप्युलर म्युझिक, लोक पदं पाठ करून रात्री घरी जायचे, पुढं रेकॉर्डी आल्या, मग सिनेमा. दीनानाथ मंगेशकरांचं बिऱ्हाड सांगलीत होतं, आणि आशाताईंचा जन्म सांगलीचा, ८ सप्टेंबर १९३३. मनूच्या प्लेलिस्टमधे त्यांच्या गाण्याचं एक रिमिक्स आहे हे तेव्हा बाहेर आलं. आई म्हणाल्या लाव. आयर्विन पुलाजवळ गाडी थांबवून पाचही जणांनी ते ऐकलं. "ढोल जास्त झालाय, पण आवाज दाबला नाही त्यांना," हा आज्जीचा रिव्ह्यू.

हरिपूर सांगलीपासून अगदी जवळ, रस्ता झाडीचा. कृष्णा-वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात. गोविंद बल्लाळ देवल या गावचे, संगीत शारदा त्यांचं, १८९९ चं. म्हाताऱ्याशी पैशासाठी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या पोरीची गोष्ट आणि ती गाण्यातून सांगितलेली. पायरीवर बसून आईंनी त्यातलं एक पद हळू आवाजात म्हणलं, तर शेजारी धुणं धूत असलेल्या बाईंनी पुढची ओळ उचलली! आई थांबल्याच. मग दोघींनी मिळून कडवं पुरं केलं. त्या बाई म्हणाल्या माझे सासरे गावातल्या नाटकात काम करायचे, घरात दिवसभर तालीम, ऐकून ऐकून पाठ झालं. चहाला चला म्हणाल्या, आम्ही नको नको म्हणत गेलोच. चहा, भडंग, आणि वर परड्यातली वांगी बांधून दिली, कृष्णाकाठची. आईंनी आणलेले कंदी पेढे कामी आले. या गावात हळद साठवायची पेवं असायची, जमिनीखाली खोल, २००५ च्या पुरात त्यांची वाट लागली, हे त्यांच्याकडूनच ऐकलं. बोलताना भिंतीवर हात ठेवून त्यांनी पाणी कुठवर आलेलं ते दाखवलं, माझ्या डोक्याच्या वर.

टिप : हरिपूरला संध्याकाळी जास्त छान वाटत असणार, आम्हाला परत मिरज गाठायची म्हणून दुपारी जावं लागलं. पायऱ्या निसरड्या आहेत, वयस्कर माणसं बरोबर असतील तर हात धरा. भडंग सांगलीतच घ्या.

तीनला मिरजेत. चाचांनी तंबोरा आडवा घेतला, तारा बाजूला सारून कानस घोडीवर फिरवली, दोन-चारदाच, फुंकर मारली, बोट फिरवलं. "खुली ठेवू का गोल?" (जवारीचेच प्रकार हे.) आई म्हणाल्या गोल. परत तार चढवली, छेडली, मान हलवली, परत उतरवली. असं कितीतरी वेळा. दुकानात टीव्ही चालू, बाहेर हॉर्न, आणि ते मात्र केसाएवढ्या फरकासाठी कान लावून. मग सुताचा एक धागा तारेच्या आणि घोडीच्या मधे सरकवला, याला जीव म्हणतात. बोटाच्या टोकानं तो मागं घेतला, अजून किंचित मागं, आणि एका जागी तार एकदम उघडली. एका तारेतून तीन-चार सूर येतायत असं वाटलं. टीव्ही बघत असलेल्या पोरानं आवाज बंद केला. पंचम, जोड, खरज सगळ्या तारा मिळवून त्यांनी तंबोरा आईंकडं दिला आणि आईंनी सईकडं.

पैसे विचारले तर आम्ही धरलेल्यापेक्षा कमीच. पण तुम्ही जाणार असाल तर आधी फोन करून, फोटो पाठवून कामाचा अंदाज घ्या, नवीन तंबोरा घ्यायचा असेल तर काही महिने आधी सांगावं लागतं, आणि गाणाऱ्या माणसाला सोबत न्या, कारण पट्टी कुठली, म्हणजे कुठल्या सुरात गाता, हे पहिल्यांदा विचारतात. रोज थोडा वेळ तरी वाजवा, उन्हात आणि फ्रिजच्या शेजारी ठेवू नका, हे चाचांनी दोनदा सांगितलं आणि शेवटी मनूला बाजूला घेऊन तिसऱ्यांदा.

येताना आष्टा, इस्लामपूर, कराड असं हायवेनं आलो. कराडच्या पुढं मनूनं फोनवर ट्यूनर लावून तंबोरा तपासला आणि पंचम थोडा उतरलाय असं जाहीर केलं. आज्जी म्हणाल्या गाडीच्या हादऱ्यानं उतरला असेल. मग पट्टी कुठली यावरून सई काळी पाच धरून बसली आणि आई काळी चार, आणि ह्यांनी वैतागून रेडिओ लावला.